गाडी थांबवून देणारे मिस्त्री

महाडमध्ये गाडी चालू करून देणारे मिस्त्री पुष्कळ. थांबवून देणारे एकच. आणि ते एवढे तिरसट की लोक आधी गावभर फिरायचे, सगळ्यांनी हात टेकले की मग मान खाली घालून त्यांच्या शेडकडे वळायचे. "आलात?" ते म्हणायचे. "मला वाटलं, आता देवाकडंच जाल."

त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगून उपयोग नाही. नावानं त्यांना कुणी ओळखलंच नसतं. मिस्त्री म्हणजे मिस्त्री. हायवेकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. सावित्री नदीचं पाणी एकदा त्या शेडच्या छताला लागून गेलं, तेव्हापासून त्यांनी सगळ्या फळ्या डोक्याच्या वर ठोकल्या. साधा पान्हा हवा असला तरी स्टुलावर चढायचं. मी म्हटलं, "अहो, रोज चढताय-उतरताय, पडाल एखाद्या दिवशी." म्हणाले, "पडलो तर मी पडंन. पान्हा तर नाय बुडणार!"

माझं कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथंच आमची पहिली भेट, म्हणजे पहिलं भांडण झालं. एक चिठ्ठी पुढं सरकवून म्हणाले, मोठ्या अक्षरात छापून दे. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'फक्त ब्रेक. बाकी विचारू नये. घाई असल्यास पुढे जावे.'

"मिस्त्री, कुठंतरी 'कृपया' घालू का?"

"कशाला? मी कुणाची कृपा मागितली?"

"अहो, अशानं गिऱ्हाईक तुटेल."

"तुटूं दे. गिऱ्हाईक तुटलं तर चालतं गो बाय, पाईप तुटला तर नाय चालत."

तीन प्रती काढायला लावल्या. एक घेतली आणि दोन माझ्याकडंच ठेवल्या. म्हणाले, पूर आल्यावर लागतील. मला राग आला होता, पण हसूही आवरेना. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढायच्या. का, तर चपलेला इंजिनाचं ऑइल लागलेलं असतं, आणि ऑइल म्हणजे ब्रेकच्या रबराचा वैरी. ब्रेकच्या तेलाचा डबा उघडण्याआधी साबणानं तीनदा हात धुणार, धुतलेल्या पांढऱ्या फडक्याला पुसणार आणि मग कुणाशी बोलणार नाहीत. एका काचेच्या बाटलीत त्यांनी एक काळं रबर जपून ठेवलं होतं, फुगून भज्यासारखं झालेलं. वरच्या एका गावातल्या शेतकऱ्यानं जीपच्या ब्रेकचं तेल कमी दिसलं म्हणून त्यात शेत नांगरायच्या पॉवर टिलरचं ऑइल ओतलं होतं. दोन्ही डबे एकाच फळीवर, दोन्ही पिवळसर, त्याला वाटलं तेल ते तेल. नव्या गिऱ्हाइकाला मिस्त्री आधी ती बाटली दाखवायचे, मग बोलणं. शाळेतल्या प्रयोगशाळेत तरी एवढी शिस्त असेल का, शंका आहे.

बॉनेट उघडण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "घरी वाट कोण बघतं?" मग त्या माणसाचं नाव खडूनं भिंतीवर लिहायचं. गाडीचा नंबर नाही, मालकाचं नाव नाही. त्यामुळं शेडच्या भिंतीवर 'सुमन', 'पिंकी', 'म्हातारी आई' अशी नावं असायची, आणि कुणी विचारलं की सांगायचे, "सुमनची झाली, पिंकीची उद्या." एक तरणाबांड जीपवाला म्हणाला, "माझी कोण वाट नाय बघत." तर त्याला म्हणाले, "मग आधी लग्न कर, मग ये."

आणि 'थोडा' हा शब्द त्यांना चालत नसे. "मिस्त्री, ब्रेक थोडा लागतो" असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. "थोडा म्हंजे? थोडा मेला असं कधी ऐकलंस काय?" एकानं तीन सुरांचा हॉर्न बसवलेली गाडी आणली आणि शेडसमोर उभं राहून तो वाजवूनही दाखवला. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "झाक हाय. हॉर्नानं दुसरा थांबतो. तू कशानं थांबणार, ते बोल."

एवढ्या सगळ्या ताठ्यावर एक गोष्ट मात्र पाणी ओतायची. मिस्त्रींना गाडी लागायची. घाटाचं पहिलं वळण आलं की चेहरा पांढराफटक. आणि नियम तर त्यांचाच, की ज्यानं ब्रेक केला त्यानं पहिल्या उताराला गाडीत बसायचं, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. "शिंप्यानं सदरा शिवला तर तो घालत नाय. पण शिंप्याच्या सदऱ्यानं कोण मरत नाय." म्हणून खिशात कायम सुंठेचा तुकडा आणि प्लास्टिकची पिशवी. आयुष्यात जेवढे ब्रेक केले तेवढ्या उलट्या केल्या त्यांनी, आणि एकाही उताराला 'आज नको' म्हणाले नाहीत. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला तो हे कळल्यावर.

आता बाबांकडं येते, कारण मिस्त्री मला खरे कळले ते बाबांमुळं.

बाबांनी चाळीस वर्षं मुंबईत एका शेटची गाडी चालवली. निवृत्त होताना शेटनं ती फियाटच त्यांना देऊन टाकली. ती घेऊन बाबा कापड्याला गावी आले. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडं जाताना लागतं ते आमचं कापडे. शेतीत त्यांचं मन कधी रमलं नाही. रोज सकाळी गाडी पुसायची, बाजाराला पोलादपूर, कोर्टकचेरीच्या कामाला महाड, आणि कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर रात्री-अपरात्रीसुद्धा. गावात त्यांना 'डायवर' म्हणत आणि ते त्यांना फार आवडायचं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या पायात जोर राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, गाडीसुद्धा चालवा, फक्त त्या पायानं जोर लावू नका. आता ती जुनी गाडी. तिच्या ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं, तेव्हा ती थांबते. व्हायचं तेच झालं. ऐन लावणीत घराकडं उतरताना बाबांनी ब्रेक दाबला, पायानं साथ दिली नाही, आणि गाडी सरळ शेजाऱ्याच्या चिखल केलेल्या खाचरात. बंपरपर्यंत रुतली. लागलं कुणालाच नाही, पण बांधावरून सगळी लावणीची माणसं बघत होती. "काय वो डायवर, लावणीला टायर आणलेत काय?" लोक काय, हसणारच. बाबाही हसले. घरी आल्यावर मात्र दोन दिवस जेवले नाहीत.

भावाचा मुंबईहून फोन आला. धाकटा आहे, पण काळजीनं थोरला झालाय. "ताई, बस झालं आता. उद्या समोर कुणाचं पोर आलं म्हंजे? शिमग्याला येतो आणि गाडी भंगारात घालतो." त्याचंही चुकत नव्हतं. पण मी बाबांना बघत होते. अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचे, किल्ली न लावता. गियर टाकायचे, काढायचे, आरशात मागं बघायचे. आई आतून हाक मारायची, "जेवायला येता ना?" आणि बाबा म्हणायचे, "पोचलोच." मला ते बघवेना. मी भावाला फोन लावला आणि म्हटलं, "बाबांनी आंबेनळी उतरून दाखवली तर?"

तो म्हणाला, "दाखवली तर मी पुन्यांदा तोंड उघडणार नाय. नाय दाखवली तर तू उघडायचं नाय." झालं, बोलून बसले. आंबेनळी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. वळणाला वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली बघवत नाही. शिमग्यापर्यंत काय ते करायचं होतं.

शेजारच्या ड्रायव्हरनं पहिल्या-दुसऱ्या गियरवर गाडी महाडला आणून दिली. बाबा चपला घालूनच शेडमध्ये शिरले आणि पहिलं भांडण तिथंच झालं. ते अर्ध्यावर सोडून मिस्त्री म्हणाले, "पाय दाखवा."

"गाडी बघा की! पाय काय बघता?"

"गाडी पळून जात नाय. पाय दाखवा."

बाबांना स्टुलावर बसवलं, समोर स्वतः फतकल मारून बसले आणि बाबांच्या तळव्याला आपला पंजा लावला. "दाबा." बाबांनी दाबला. "आणखी." बाबांचा चेहरा लाल झाला, मिस्त्रींचा हात जेमतेम हलला. मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलतील. पण नाही. हात तसाच धरून म्हणाले, "येवढाच जोर हाय ना? मग येवढ्यातच गाडी थांबली पायजे. मी पायाला काय बोलणार? ब्रेकला बोलतो." चाळीस वर्षांत कुणी बाबांचा पाय असा हातात घेतला नसेल. बाबा उठले आणि चपला काढून बाहेर ठेवून आले.

मग भिंतीवर आईचं नाव लिहिलं गेलं, 'वनिता'. आईला हे कळलं तेव्हा म्हणाली, "इश्श, भिंतीवर कशाला?" आणि पुढच्याच बाजाराला स्वतः बघायला आली.

मिस्त्रींनी ठरवलं ते असं. गाडीचा जुना मास्टर सिलिंडर, म्हणजे पायानं दाबलं की ब्रेकचं तेल चारी चाकांकडं ढकलणारी नळी, ती काढायची. तिच्या जागी नव्या घडणीचा, दोन खणांचा बसवायचा. एक खण पुढच्या चाकांना, एक मागच्या. एक पाईप फुटला तरी दुसरा उभा. आणि पाय नि सिलिंडर यांच्या मधे बूस्टर. बूस्टर म्हणजे पत्र्याचा मोठा गोल डबा. "ह्यात जादू काय नाय," मिस्त्री सांगू लागले. "इंजिन चालू असलं की ते ह्या डब्यातली हवा ओढून घेतं. तुमी पाय ठेवला की मागनं बाहेरची हवा आत घुसते आणि दांडा ढकलते. पायानं फकस्त सांगायचं. ढकलायचं काम हवेचं."

"मग सिलिंडर मोठा बसवा," बाबा म्हणाले. "चांगला जाड. कसा नाय थांबत बघतो."

मिस्त्रींनी वरच्या फळीवरून दवाखान्यातल्या दोन सुया नसलेल्या पिचकाऱ्या काढल्या, एक जाड, एक बारीक. दोन्ही पाण्यानं भरून बाबांच्या हातात दिल्या. "अंगठ्यानं दाबा. कुठली जड जाते?" बाबांनी दाबून बघितलं. जाड पिचकारी दाबताना अंगठा दुखायला लागला. बाबा कसनुसे होऊन म्हणाले, "आमच्या शेटकडं असं कुणी सांगितलं नव्हतं." मिस्त्री म्हणाले, "शेटकडं तुमचा पाय धड होता."

डबा आणि सिलिंडर नव्या जमान्याच्या एका लहान गाडीचे मिळाले. ते फियाटला बसावेत म्हणून जाड पत्र्याची पट्टी कापून, भोकं पाडून, मधे जोडली. आतलं रबर मात्र सगळं नवं. "जुनं लोखंड चालंल. जुनं रबर म्हंजे जुनी सवय, कधी दगा देईल सांगता येत नाय."

खरी गंमत पुढं. बूस्टरमधून येणारा दांडा आणि सिलिंडरचा दट्ट्या यांच्यामधे अगदी बारीक फट राहावी लागते. जास्त राहिली तर पाय खोल जातो. राहिलीच नाही तर ब्रेक सुटतच नाही, चाकं तापतात आणि गाडी आपली आपणच अडकते. आणि ही फट बंद डब्यात, दिसणार कशी? मिस्त्रींनी आईकडं उकड मागितली. भाकरीची, तांदळाच्या पिठाची. आई डब्यात फडक्याखाली गरम उकड घेऊन बसनं महाडला आली. मिस्त्रींनी गोळी करून दांड्याच्या टोकाला लावली, सिलिंडर दाबून बसवला, पुन्हा काढला आणि चपटी झालेली चकती बघितली.

"मऊ हाय वैनी. जरा घट्ट मळा."

आईनं तिथंच बसून मळली. एवढीशी गोळी. तिलाही राहवेना. "येवढ्याशा पिठानं तुमची गाडी थांबणार व्हय?"

"येवढ्याशा पिठावर माणूस चालतो वैनी, गाडी का नाय थांबणार?"

चकतीची जाडी दोन पोस्टकार्डांएवढी हवी होती. दांडा घासायचा, गोळी लावायची, दाबायचं, काढायचं, पोस्टकार्डांशेजारी धरून डोळा बारीक करून बघायचं. सात वेळा झालं. सहाव्यांदा मला ती अगदी बरोबर वाटत होती. मी म्हणाले, "झालं की मिस्त्री, थोडा फरक—" आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

पाईपातली हवा काढायला पेडलवर मीच होते. मिस्त्री गाडीखाली. "दाब. धर. सोड. दाब. धर. सोड." दुकान बंद करून मी दोन दुपारी हेच करत होते. शेवटी म्हणाले, "डायवरसायेबांना बोलवा."

बाबा आत बसले. इंजिन बंदच. मिस्त्री म्हणाले, "चार-पाच वेळा दाबा. आता पाय दाबून धरा. हलवायचा नाय. आणि चावी मारा." बाबांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि बाबांच्या पायाखालचा पेडल आपोआप खाली गेला. बाबा दचकले.

"अरे! मी पाय नाय हलवला! आईशप्पथ नाय हलवला! आपणच गेला खाली!"

"हवा आली," मिस्त्री म्हणाले. बास, एवढंच. पण फडक्याला हात पुसताना ते हसत होते, मी बघितलं. बाबा पुन्हा पुन्हा पेडल दाबत होते आणि आरशात बघून डोळे पुसत होते. मी आपली लांब जाऊन उभी राहिले.

शिमग्याला भाऊ आला. ठरल्याप्रमाणं सकाळीच निघालो. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी सुंठ तोंडात धरून मिस्त्री, मागं आई, मी आणि भाऊ. चढ निर्वेध झाला. वर महाबळेश्वरच्या हद्दीत जाऊन चहा घेतला. बाबा एवढे खुशीत की टपरीवाल्याला गाडीचा सगळा इतिहास सांगून झाला. मग उतरायला लागलो.

पहिल्या वळणावर गाडी लोण्यासारखी थांबली. भावानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. पंधरा-वीस वळणं अशीच गेली. मग सरळ उतार आला आणि एकदम सगळं शांत झालं. इंजिनाचा आवाजच नाही. नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा.

बाबांनी गियर काढून चावी बंद केली होती.

चाळीस वर्षांची सवय हो! शेटचं पेट्रोल वाचवायला उताराला इंजिन बंद. जुन्या गाडीला त्यानं काही फरक पडत नव्हता, ब्रेक पायावर चालत होता. पण आता तो हवेवर चालत होता, आणि हवा ओढणारं इंजिन बाबांनी झोपवलं होतं. डब्यात उरलेली ओढ दोन-तीन दाबांपुरती.

"चावी!" मिस्त्री ओरडले.

"उतारच हाय की, कशाला जाळायचं—" म्हणत बाबांनी ब्रेक दाबला. लागला. दुसऱ्यांदा दाबला. जरासा लागला. वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडं कलिंगडांनी भरलेला टेम्पो रस्त्यातच उभा, मागचं चाक पंक्चर. बाबांनी तिसऱ्यांदा दाबला. पेडल दगड. आईनं माझं मनगट एवढं आवळलं की दुसऱ्या दिवसापर्यंत वळ होता.

मिस्त्रींनी स्टिअरिंगला हात लावला नाही, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "डायवर, दुसरा टाका. क्लच सोडा."

आणि बाबांच्या हातांनी ते केलं. विचार करायला वेळच नव्हता, हातांनाच माहीत होतं. दुसरा गियर खट्कन बसला, गाडीला हिसका बसला, चाकांनी इंजिन फिरवलं आणि इंजिनानं हवा ओढली. बाबांचा तो अधू पाय खाली गेला, अलगद. गाडी टेम्पोपासून वीतभरावर थांबली. समोरच्या काचेत नुसती कलिंगडंच कलिंगडं.

मिस्त्री दार उघडून कठड्याशी गेले, पिशवी वापरली, तोंड धुतलं आणि परत आले. तोवर भाऊ खाली उतरून ओरडायला लागला होता. "झालं समाधान? मरायचे वाचलो! उद्याच विकतो ही गाडी!"

"ब्रेकला बोलू नको," बाबा म्हणाले. "चूक ब्रेकची नाय. माझी."

मी चमकून बघितलं. माझ्या जन्मात बाबांनी 'माझी चूक' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. खाचरात गाडी घातली तेव्हासुद्धा चूक शेजाऱ्याच्या बांधाची होती.

"तुमची नाय," मिस्त्री म्हणाले. "माझी. मी पाय बघितला, गाडी बघितली. तुमी घाट कसा उतरता ते नाय इचारलं."

"चावी मी बंद केली!"

"पण सांगायचं काम माझं होतं!"

"मी चाळीस वर्षं गाडी चालवतो, मला कळायला नको?"

"मी तीस वर्षं ब्रेक करतो, मला इचारायला नको?"

दोघंही इरेला पेटले. आयुष्यात कुणापुढं न वाकलेली ही दोन माणसं आंबेनळीच्या वळणावर उभी राहून, चूक आपलीच म्हणून एकमेकांच्या अंगावर धावत होती. शेवटी टेम्पोवाला जॅक हातात घेऊन आला. "अवो, चूक कुणाची पण असूं द्या. गाडी मागं घ्या, मला चाक काढायचं हाय."

मिस्त्री भानावर आले. "मागं नाय," म्हणाले. "वर. पुन्यांदा वर जायचं आणि इंजिन चालू ठेवून उतरायचं. ह्याला उतरणं म्हणत नाय."

"मी येणार नाय," भाऊ म्हणाला.

"मग या कलिंगडांवर बसून."

तेवढ्यात आई बोलली. गाडीतून न उतरताच भावाला म्हणाली, "माझं नाव लिवलंय त्यांनी भिंतीवर. मी बसलेय ना? मग तुला काय झालं? बस गुमान." भाऊ बसला.

गाडी पुन्हा वर गेली, आणि पुन्हा उतरली. काय उतरली म्हणून सांगू! इंजिन गुरगुरत होतं, दुसरा गियर, आणि प्रत्येक वळणाआधी बाबांचा पाय नुसता टेकायचा नि गाडी ऐकायची. समोरून भरलेली बस आली, बाबांनी कडेला घेऊन तिला वाट दिली, ड्रायव्हरनं हात वर केला, बाबांनीही केला. आठ-दहा वळणांनंतर बाबा सीटला टेकून बसले. बारा-पंधरा वळणांनंतर शेटच्या गोष्टी सांगायला लागले. मिस्त्री सुंठ चघळत एका कानानं बाबांचं आणि दुसऱ्यानं चाकांचं ऐकत होते. कलिंगडवाल्याचं चाक अजून बसायचंच होतं. त्याच्या शेजारी बाबांनी मुद्दाम गाडी उभी केली, एवढी अलगद की आईच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. टेम्पोवाला आधी घाबरला, मग हसला, आणि एक भलंमोठं कलिंगड उचलून त्यानं खिडकीतून भावाच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. डायवरला द्या."

कापड्यात होळीच्या माळावर गाव जमलेलं होतं. लावणीला टायर आणणारे डायवर आंबेनळी दोनदा उतरून आले ही बातमी कुणी पुढं नेली, देव जाणे. ढोल वाजतच होते, पण मला विचाराल तर ते आमच्यासाठीच वाजत होते.

त्या दिवसापासून मिस्त्री गिऱ्हाइकाला आणखी एक प्रश्न विचारायला लागले, 'उताराला चावी बंद करता काय?' आणि हो म्हणणाऱ्याला एवढं झापायचे की बिचारा पुन्हा सपाटीवरसुद्धा चावीला हात लावताना विचार करायचा. पुढं रस्ता रुंद झाला, शेड गेली आणि मिस्त्री पोलादपूरच्या वर आपल्या गावी राहायला गेले. अजूनही कुणी खोटी बढाई मारू लागलं की मला त्यांचं ते 'चूक माझी' आठवतं. केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते ते! चूक कबूल करतानाही माणसाला एवढं ताठ उभं राहता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिमगा झाला आणि भाऊ मुंबईला निघाला. गाडी विकायची गोष्ट कुणीच काढली नाही. सकाळी बॅग भरून तो ओटीवर उभा होता, बाबा अंगणात गाडी पुसत होते. मला वाटलं, आता रिक्षाला फोन करेल. तो बॅग घेऊन खाली उतरला, गाडीचं पुढचं दार उघडून बॅग आत ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मला महाडला डेपोपर्यंत सोडता?"

बाबांनी फडकं झटकलं, दोरीवर टाकलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. "बस," म्हणाले. "पट्टा लाव."